दोन शेवट नव्हतेच

घरच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज सातवीतल्या भाच्याने मला वाचून दाखवला आणि वहीत उतरवूनही घेतला. तेव्हा राहवलं नाही. मेसेज म्हणतो: १९६२च्या 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला'चे दोन शेवट आहेत, जपानमध्ये गॉडझिला जिंकतो आणि अमेरिकेत काँग. या घोळामुळे दुसरा भाग अडला. त्याचं अर्धं शूटिंग टोहो या जपानी चित्रपट कंपनीने कुलपात ठेवलंय. आणि १९६६च्या सिनेमातला गॉडझिला खरं तर काँग होता.

दोन शेवटांची ही थाप साठ वर्षं जुनी आहे. ती अमेरिकी भयपट-मासिकांनी छापली, पुढे 'ट्रिव्हियल पर्स्युट' या प्रश्नमंजूषेच्या खेळातही घुसली. ती खरी की खोटी हे ठरवायला मूळ जपानी प्रिंटची शेवटची पाच मिनिटं पुरतात. आम्ही दोघांनी ती लगेच पाहिली. जपानच्या किनाऱ्यावरच्या अतामी गावातला किल्ला ढासळतो, दोघे झटापट करत समुद्रात कोसळतात, किनारा हादरतो. पाण्यातून वर कोण येतो? काँग. तो आपल्या बेटाकडे पोहत निघतो. गॉडझिला दिसत नाही. जपानी प्रेक्षकांनी हेच पाहिलं, अमेरिकी प्रेक्षकांनीही हेच. देशाभिमानापोटी जपान्यांनी आपल्यापुरता वेगळा निकाल लावला, हा या थापेतला गर्भित आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. दिग्दर्शक इशिरो होंडांनी जो शेवट चित्रित केला, तोच त्यांनी आपल्या लोकांना दाखवला.

फरक आहे, तो मान्य करतो. जपानी प्रिंटमध्ये शेवटी दोघांच्या डरकाळ्या ऐकू येतात, अमेरिकीत फक्त काँगची. अमेरिकी वितरणासाठी आकिरा इफुकुबेंचं बरंचसं संगीत काढलं, बातमीदाराची दृश्यं घुसडली, भूकंप मोठा दिसावा म्हणून टोहोच्याच १९५७च्या 'मिस्टेरियन्स' या सिनेमाचे तुकडे जोडले. कापाकापी भरपूर झाली, पण निकाल बदलला नाही.

दुसऱ्या भागाचा विचार टोहोने लगेच केला होता, हे खरं. पण तो कागदावरच्या पटकथेपुढे गेलाच नाही. अर्धं शूटिंग कुठून येणार? शिवाय शेवटामुळे काही अडण्यासारखं नव्हतंच. पावणेदोन वर्षांत, एप्रिल १९६४ला, गॉडझिला किनाऱ्यावरच्या चिखलातून उठून मोथ्रा या महाकाय पतंगाशी लढायला हजर झाला. माझ्या मते खरी अडचण मालकीची. काँग आरकेओ या अमेरिकी स्टुडिओचा होता, टोहोने तो पैसे मोजून घेतला होता. गॉडझिला आणि मोथ्रा मात्र घरचे.

१९६६चा मुद्दा तेवढा बरोबर आहे, पण तो या दुसऱ्या भागाचा पुरावा नव्हे. त्या सिनेमातली एबिरा या महाकाय झिंग्याशी झुंजीची कथा काँगसाठीच लिहिलेली स्वतंत्र कथा होती, नंतर तिथे गॉडझिला आला. म्हणून तर त्यात तो विजेने जागा होतो आणि बेटावरच्या मुलीकडे टक लावून बसतो, या दोन्ही काँगच्या लकबी. टोहोचा काँग १९६७ला वेगळ्याच सिनेमात आला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टोहोने काँग-गॉडझिला सामन्याचा पुन्हा घाट घातला. पुन्हा हक्कांपाशी अडलं, यांत्रिक काँगचा पर्यायही बारगळला. आणि १९९२ला गॉडझिलासमोर उभी राहिली ती परत मोथ्राच.