सोलां आणि सोलार

गच्चीवर सोलार घालायचं ठरलं, तेव्हा ते आईच्या कानावर घालण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. आई ऐंशीच्या पुढची. एका कानाने तिला कमी ऐकू येतं, आणि तो कान कोणता हे ती सोयीप्रमाणे ठरवते. ती तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "आई, यंदा गच्चीवर सोलार घालतोय."

"सोलां तर दर वर्षी घालतो आपण. त्यात सांगायचं काय?"

"सोलां नव्हे गं, सोलार. सरकार 78 हजार रुपये देतं त्याला."

आता मात्र सुपातले हात थांबले. "सोलांना?"

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. कोकमाची सालं मीठ घातलेल्या कोकमाच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवली, की त्यांची सोलां होतात. वर्षभराची कढी आणि माशांची आमटी त्यांच्यावर चालते. आमच्या बोरी गावातल्या घराची मागची स्लॅब बाबांनी घातली ती केवळ यासाठी, असं आई मानते. पुढचं घर कौलारू. त्या कौलांवर मांजरं आणि फणसाची पानं सोडून दुसरं काही टिकत नाही. म्हणजे ऊन खाणारी एकच जागा, आणि तिच्यावर दोन उमेदवार.

सोलारवाला मुलगा सकाळी आला. मला 'अंकल' म्हणाला, गच्ची टेपने मोजली, मोबाईलवर हिशेब केला. तीन किलोवॉटला साधारण 300 चौरस फूट जागा लागते, तेवढी होती. 13 फेब्रुवारी 2024 ला पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला 18 हजार; त्यापुढे कितीही पॅनल लावा, दमडी वाढत नाही. पैसे मिळतात सगळं बसवून झाल्यावर, आपल्या खात्यात. म्हणजे आधी खिसा रिकामा करायचा, मग सरकारची वाट बघायची. हे सगळं ऐकूनही मी 'बघू' म्हणणार होतो. पण जाता जाता तो म्हणाला, "आणि अंकल, घराची व्हॅल्यू वाढते."

इथे मी घसरलो. माणसाला वीजबिल कमी झालेलं आवडतंच, पण आपल्या घराची किंमत आपण काही न करता, नुसत्या उन्हाने वाढतेय, ही कल्पना फारच गोड असते. त्या रात्री मी मनातल्या मनात घर दोनदा विकलं.

विकण्यात एक बारीक अडचण होती. घर माझं नव्हतं.

म्हणजे राहतो मी, रंग काढतो मी, पावसाआधी कौलं शेकारतो मी. पण कागदोपत्री ते आजोबांचं. वीजही आजोबांच्याच नावावर. ते जाऊन आता एकेचाळीस वर्षं झाली, तरी दर महिन्याला त्यांना बिल येतं आणि ते कधी थकबाकीत जात नाहीत. सोलारचा अर्ज मात्र ज्याच्या नावाचं बिल त्यानेच करायचा असतो. आजोबांकडे आधार कार्ड नव्हतं, मोबाईल नव्हता, आणि ओटीपी सांगण्याच्या परिस्थितीत ते नव्हते.

मग मीटर माझ्या नावावर करणं आलं. काउंटरवरच्या बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "हे दोघे वेगळे का?" एक-चौदाच्या, म्हणजे आमच्याकडच्या सात-बाराच्या, उताऱ्यावरचे आजोबा आणि बिलावरचे आजोबा जुळत नव्हते. विठ्ठलाचा 'विटोल' करणारे ते पोर्तुगीज दिवस. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, आणि तिथून पुढे आमच्या घरात दोन आजोबा नांदू लागले. दोघे एकच, असं प्रतिज्ञापत्र मी केलं. ते झाल्यावर बाई म्हणाल्या, "आणि बाकीच्यांची ना हरकत?"

बाकीचे! गोव्यात राहणाऱ्याच्या पोटात या शब्दाने गोळा येतो. 1867 सालची पोर्तुगीज नागरी संहिता आम्हाला वारसा म्हणून मिळाली आणि वारसा कसा वाटायचा हेही तिनेच सांगितलं. मुलगा-मुलगी दोघांना सारखा हिस्सा. तत्त्व म्हणून मी याच्या शंभर टक्के बाजूचा आहे. व्यवहारात मला तीन आत्या आहेत. आजोबांची सहा मुलं, त्यांची मुलं, आणि नवरा-बायकोची मिळकत सामाईक म्हणून त्या सगळ्यांच्या जोडीदारांचीही सही. मोजले तर सत्तावीस. त्यातले चौदा जण मला रस्त्यात भेटले असते तर मी ओळखलं नसतं.

तीन महिने मी सह्या गोळा करत फिरलो. वाळपईच्या आत्याने जेवायला घालून सही केली. वसईच्या चुलतभावाने आधी विचारलं, "म्हणजे तू घर विकतोयस?" नाही म्हटलं तर त्याचा विश्वास बसेना. लिस्बनला असलेल्या चुलतबहिणीने कागद पाठवला आणि सोबत चौकशीही: गच्चीवर पडणाऱ्या उन्हात तिचा हिस्सा किती? तिने हे हसत लिहिलं होतं की गंभीरपणे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मार्चमध्ये पॅनल चढले. एकूण सहा. गोवा पंधरा अंश उत्तरेला, म्हणून पॅनलही साधारण तेवढेच कलते, दक्षिणेला तोंड करून. दक्षिण म्हटल्यावर आईच्या कपाळाला आठी पडली. "ती पितरांची दिशा."

"आई, तो अर्ज पितरांमुळेच एवढा लांबला." तिला ते पटलं असावं. तिने नारळ वाढवला.

आता माडाचं सांगितलं पाहिजे. गच्चीच्या नैऋत्येला एक माड आहे, धाकट्या काकांच्या वाटणीतला. दुपारी तीननंतर त्याच्या झावळ्यांची सावली सहाव्या पॅनलवर येते. मी म्हटलं, एकावरच येते ना, पाच तर उन्हात आहेत. मुलगा म्हणाला, "तसं नाही अंकल, सगळे एका माळेत जोडलेत. एक दबला की बाकीच्यांचाही जोर उतरतो." एकत्र कुटुंबाची इतकी नेमकी व्याख्या मी आजवर कोणा समाजशास्त्रज्ञाकडून ऐकली नव्हती. हल्लीच्या पॅनलमध्ये सावलीला वळसा घालणारे डायोड असतात, म्हणून सगळं बंद पडत नाही. पण फटका बसतोच.

माड तोडायचा विचारही गोव्यात जपून करावा लागतो. 2016 मध्ये सरकारने माडाला झाडांच्या यादीतून काढलं होतं, तो झाड नव्हेच म्हणून. गोंयकार एवढे भडकले, की पुढच्याच वर्षी माड पुन्हा झाड झाला, शिवाय राज्यवृक्ष. आता आमच्या सहाव्या पॅनलवर साक्षात राज्यवृक्षाची सावली पडते. काकांना झावळ्या तरी उतरवा म्हटलं, तर ते म्हणाले, माडावर चढणारा पाडेली मिळाला तर पाठव. पाडेली मिळाला असता तर सोलारच्या भानगडीत कशाला पडलो असतो? नारळ विकूनच बिल भरलं असतं.

एप्रिल सुरेख गेला. मी सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर वीज बघत बसे. दिवसाला बारा, तेरा युनिटं. आलेख कसा टेकडीसारखा, सकाळी चढता, दुपारी माथा, संध्याकाळी उतरता. शेजारच्या भाईंना मी तो दाखवी. लोक नातवाचे फोटो दाखवतात तसा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात टेकडीला अचानक खिंड पडली. भर दुपारी बारा वाजता वीज निम्म्यावर. मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, उकाड्याने थोडी घटते, काच जितकी तापेल तितकं उत्पादन कमी. पण एवढी नाही, इन्व्हर्टर बघावा लागेल. दुसऱ्या दिवशी तो आला, वायर तपासल्या, पेट्या उघडल्या, मग आम्ही दोघे वर गेलो.

पहिल्या तीन पॅनलांवर सोलां वाळत होती. ओळीने, नीट पसरून.

"जागा कुठे ठेवलीत दुसरी?" आई खालून म्हणाली. "आणि काय छान तापतं ते! चार दिवसांचं काम दोन दिवसांत होतं." सरकारी अनुदानाचा एवढा थेट लाभ घेणारी ती गोव्यातली पहिलीच असावी. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने एक साल तोंडात टाकली आणि वॉरंटीत हे बसत नाही म्हणाला. मिठाचा रस काचेवरून खरवडायला मला तीन सकाळी लागल्या. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नसतं म्हणून उजाडायच्या आत.

मग जून आला. पहिला पाऊस पडला आणि रीतसर वीज गेली. सकाळचे अकरा, ढगांतून बऱ्यापैकी उजेड, आणि घरात पंखा ठप्प. भाई गडग्यावरून डोकावले. "तुमच्याकडे सोलार ना हो?"

"आहे ना."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला पाठ झालं आहे. बाहेरची लाईन गेली की आमचा इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. तो चालू राहिला तर आमची वीज उलटी खांबावर जाईल आणि खांबावर चढलेल्या लायनमनला झटका बसेल. काळोखात वीज हवी असेल तर बॅटरी घ्यायची, तिचे पैसे वेगळे. भाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे वीज असली की तुमच्याकडे वीज असते."

"हो."

"आमच्याकडेही तसंच आहे."

बायकोने एका संध्याकाळी वही काढली. ती सहकारी सोसायटीत हिशेब लिहायची, तिच्यासमोर मी आलेख दाखवत नाही. अनुदान वजा जाता खिशातून गेले एक लाख वीस हजार. पूर्वी बिल यायचं सरासरी नऊशे, आता शंभर-सव्वाशे, कारण स्थिर आकार कोणाला चुकत नाही. महिन्याला वाचले आठशे. पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येतं, पण एप्रिल-मेमध्ये लाईनला दिलेल्या जादा विजेची शिल्लक तेव्हा कामी येते असं धरलं. "साडेबारा वर्षं," ती म्हणाली. "तुम्ही सत्तर ओलांडाल."

"पॅनल पंचवीस वर्षं चालतात."

"पॅनल चालतील हो."

यात दोष सूर्याचा नाही. आमची वीजच स्वस्त. घरगुती पहिल्या शंभर युनिटांचा दर दोन रुपयांच्या आसपास. पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात, बांद्यात गेलं की दुपटीहून जास्त. बांद्याच्या मेहुण्याला हेच पॅनल पाच-सहा वर्षांत फिटतील. माझा सल्ला विचारलात तर, ज्यांच्याकडे दोन-तीन एसी आहेत आणि बिल चार-पाच हजारांचं येतं, त्यांनी डोळे मिटून बसवावं. दोन पंखे, एक फ्रीज आणि एक आई एवढाच लोड असलेल्यांनी जरा दम धरावा.

राहिली घराची किंमत. जुलैत एक दलाल आला, दिल्लीचं गिऱ्हाईक घेऊन. मी विकणार नव्हतोच, पण आकडा ऐकायला काय जातं? गिऱ्हाईक ओसरीवर हरखलं, चिऱ्याच्या भिंतींवरून हात फिरवला, मागे गेलं आणि वर बघून थबकलं. ते पॅनल काढता येतील का, म्हणे. फोटोत हेरिटेज वाटत नाही. मग दलालाने खालच्या आवाजात विचारलं, "टायटल क्लियर?" मी म्हटलं, "सत्तावीस." तो चहा न घेता गेला.

चवथीला मात्र घर भरलं. एरवी दीड दिवसाला सहा-सात माणसं. यंदा सत्तावीसपैकी एकोणीस. सह्या दिल्यापासून सगळ्यांना मूळ घर आठवू लागलं होतं. गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी बांधून होताच सगळे रांगेने गच्चीवर गेले. सहा मुलं, सहा पॅनल, हा हिशेब वाळपईच्या आत्याच्या सर्वांत आधी लक्षात आला. थट्टेथट्टेत चिठ्ठ्या टाकल्या. सावलीतला सहावा वसईकराला आला, आणि थट्टा तिथे संपली. माड काकांचा, तेव्हा सावलीही काकांनीच घ्यावी, असं त्याचं म्हणणं. काका म्हणाले, सावली फुकट दिली, ते विसरलास? आईला विचारलं. ती म्हणाली, पहिले तीन माझे, मे महिन्यापुरते.

दुपारच्या आरतीला उभे राहिलो आणि दुसऱ्या कडव्याला वीज गेली. पंखे थांबले, माटोळीखाली एकोणीस माणसं घामाने निथळू लागली. बाहेर श्रावणात पडावं तसं लख्ख ऊन. टाळ थांबले नाहीत, पण सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी लायनमन, खांब, झटका असं पुटपुटायला लागलो, तोच वसईकर माझ्या कानाशी आला.

"तुझं राहू दे. माझ्या वाटणीच्या पॅनलवर निदान एक पंखा तरी लाव."