उशांका, अस्वल आणि नेपोलियन: एका ढकलपत्राला उत्तर

थंडी पडली की ते ढकलपत्र कुणीतरी पुन्हा पाठवतंच. लाल तारा लावलेल्या केसाळ टोपीचा फोटो आणि खाली मजकूर: 'ही रशियन सैन्याची शेकडो वर्षांची टोपी, उशांका. अस्वलाच्या कातड्याची. हिच्याच जोरावर 1812 मध्ये रशियाने नेपोलियनला हरवलं. रशियन सैनिक एवढा काटक, की कानपट्ट्या कधी खाली सोडतच नाही.' हल्ली त्याला एक ठरलेलं प्रत्युत्तरही येतं: 'थापा! ती टोपी स्टालिनने फिनलंडकडून ढापली.' दोन्ही तितकीच कच्ची आहेत.

आधी नेपोलियन. मॉस्कोजवळची बोरोदिनोची मोठी लढाई झाली सप्टेंबरात, म्हणजे थंडीआधीच, आणि त्या वर्षी रशियन पायदळाच्या डोक्यावर होता 'किवेर', म्हणजे चामडं आणि जाड कापडाचा उंच, नळकांड्यासारखा टोप. कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. पाव्हलोव्स्की पलटणीचे ग्रेनेडियर (निवडक पायदळ) तर पितळी पत्र्याचे टोकदार टोप घालत. 1807 मध्ये फ्रीडलंडच्या लढाईत त्या टोपांना गोळ्यांनी भोकं पडली, तेव्हा झार अलेक्झांडर पहिल्याने बक्षीस म्हणून हुकूम काढला: हे टोप आहेत तसेच, भोकांसकट वापरा. कॉसॅकांच्या, म्हणजे रशियाच्या सरहद्दीवरच्या घोडेस्वारांच्या, डोक्यावर लोकर होती हे खरं, पण त्या मेंढीच्या कातड्याच्या उंच टोप्या. त्यांना कानपट्ट्या नव्हत्या.

मग 'शेकडो वर्षं' कुठून आली? टोपी जुनी आहे, फक्त ती सैन्याची नव्हती. रशियनमध्ये 'उशी' म्हणजे कान (आपली उशी कानाखाली येते, हा निव्वळ योगायोग), तेव्हा उशांका म्हणजे सरळ आपली कानटोपीच. तिची आजी 'त्रेउख', तीन कानांची: दोन पट्ट्या बाजूला, एक मानेवर. रशियन शेतकरी ती घालत. मंगोल आणि मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांची 'मालाखाय' तिची जवळची नातलग.

सैन्यात ती शिरली ती 1917 च्या क्रांतीनंतरच्या रशियन यादवी युद्धात, आणि तीही हरलेल्या बाजूने. ॲडमिरल कोल्चाकच्या सायबेरियातल्या श्वेत (बोल्शेविकविरोधी) सैन्याने तशी टोपी घातली, म्हणून तिला 'कोल्चाकोव्का' म्हणत. बोल्शेविकांच्या लाल सैन्याला अर्थातच शत्रूची टोपी नको होती. त्यांनी 'बुद्योनोव्का' निवडली: लोककथांतल्या वीरांच्या शिरस्त्राणासारखी टोकदार, समोर भला मोठा तारा. चित्रात तिच्याइतकी झकास टोपी दुसरी नाही. पण ती होती कापडाची.

आता फिनलंड. इथे प्रत्युत्तर देणाऱ्यांचं निम्मं बरोबर आहे. 30 नोव्हेंबर 1939 ला सोव्हिएत सैन्य फिनलंडमध्ये घुसलं आणि पारा उणे 40 च्या आसपास गेल्यावर बुद्योनोव्काची सगळी शोभा उतरली. समोरच्या फिन्निश सैनिकांकडे 1936 च्या नमुन्याची, कानपट्ट्यांची लोकरी टोपी होती. मार्चमध्ये युद्ध संपलं आणि जुलै 1940 मध्ये लाल सैन्याने उशांका घेतली. धडा फिनलंडने शिकवला यात वाद नाही. पण 'ढापली' कसं म्हणायचं? सायबेरियात वीस वर्षांपूर्वी तीच गोष्ट रशियनांच्याच डोक्यावर होती, आणि फिनलंड स्वतः 1917 पर्यंत शंभरावर वर्षं झारच्या साम्राज्यात होता. एकाच थंडीत राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या टोप्या सारख्या निघणारच. बरं, हुकूम निघाला म्हणून टोपी लगेच डोक्यावर आली असंही नाही. जुना साठा संपेपर्यंत 1941 च्या फोटोंतही बुद्योनोव्का दिसतात.

अस्वलाचं मला सगळ्यात हसू येतं. अस्वलाची टोपी लंडनच्या राजवाड्याबाहेरचे पहारेकरी घालतात, साहेबाची ती! सोव्हिएत शिपायाच्या उशांकेवर नकली लोकर असे. आणि रशियनमध्ये अशा ऊब नसलेल्या कपड्याला एक फार सुंदर शब्द आहे: 'माशाची फर'. अधिकाऱ्याला मेंढीच्या कातड्याची मिळे. त्याहून वर गेलात की टोपीच बदलते. 1940 मध्ये जनरलांना आणि पुढे कर्नललाही 'पापाखा' मिळाली: कॉकेशसकडून आलेली, काराकुल कोकराच्या कुरळ्या कातड्याची, बिनकानांची. जिनांच्या टोपीचं कातडं तेच. रशियन सैन्यात 'पापाखा मिळाली' म्हणजे माणूस कर्नल झाला. नौदलाचा थाट आणखी वेगळा; तिथल्या वरिष्ठ कप्तानाच्या उशांकेला वर चामडं आणि पुढे झाप असते, ती झाप धरायच्या मुठीसारखी, म्हणून खलाशी तिला 'मुठीची टोपी' म्हणतात. ढकलपत्रातला फोटो पाहिलात तर लांब केसांची, मऊ, सशाची टोपी दिसेल. ती पर्यटकांसाठीची, वर सैनिकी बिल्ला टोचला की झालं काम.

राहिला काटकपणा. सोव्हिएत गणवेशाच्या नियमात कानपट्ट्या खाली सोडायची परवानगी होती, पण उणे 10 अंश किंवा त्याखाली. शस्त्रांच्या देखभालीसारखी कामं करताना त्या मागे बांधता येत. उणे 9 ला मात्र कान उघडेच.