'ऑनलाइन डिग्रीला कुत्रं विचारत नाही' म्हणे! काका, शेवटची ओळ वाचलीत का?

परवा रात्री साडेदहाला आमच्या घरच्या ग्रुपवर चुलत सासऱ्यांनी एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असणार, कारण त्यावर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का होता आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घणसोलीच्या सोसायटी ग्रुपवर तोच, ऑफिसच्या डब्याच्या ग्रुपवर परत तोच. वर मथळा 'पालकांनो सावधान'. खाली मुद्दे. एक, ऑनलाइन आणि डिस्टन्स डिग्र्या सरकारने रद्द केल्यात, त्यांना कुत्रं विचारत नाही. दोन, स्क्रीनवर बघून कुठलंही काम शिकता येत नाही. तीन, 100 पैकी 95 जण कोर्स अर्धवट सोडतात. चार, फुकटच्या सर्टिफिकेटला रद्दीचा भाव. आणि पाचवा मुद्दा, जिथपर्यंत कोणी पोचतच नाही, त्यावर येतेच.

एरवी मी असले मेसेज उघडतही नाही. पण कळव्याला माझी धाकटी जाऊ आहे, बी.कॉम., वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. तिला मुंबई विद्यापीठातून डिस्टन्सने एम.कॉम. करायचंय, फीचे पैसे तिने दिवाळी बोनसमधून बाजूला काढून ठेवलेत. सकाळी चहाच्या वेळेला सासूबाई म्हणाल्या, "काकांनी पाठवलंय ते वाचलंस ना? ते कागद कुठे चालत नाहीत म्हणे, त्यापेक्षा पोराची फी भरून टाक." ती तेव्हा काही बोलली नाही, ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या लाइनीत उभी राहून मला फोन केला. "ताई, खरंच रद्द झाल्यात का हो?"

नाही झाल्या. सांगते.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, डिस्टन्स आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम 4 सप्टेंबर 2020 चे आहेत आणि त्यातल्या 22 व्या नियमात हेच लिहिलंय की मान्यता असलेल्या संस्थेची डिस्टन्सची किंवा ऑनलाइन डिग्री ही कॉलेजात बसून घेतलेल्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची. तरीही लोक विचारतच राहिले म्हणून 2 सप्टेंबर 2022 ला यूजीसीने वेगळी नोटीस काढून तेच परत सांगितलं, पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पीजी डिप्लोमा तिन्ही धरून. एका पानाची नोटीस आहे, यूजीसीच्या साइटवर आहे, कालच ग्रुपवर टाकलीय, अजून एकानेही उघडलेली नाही ती गोष्ट वेगळी.

मग 'रद्द केल्या' हे आलं कुठून? 3 नोव्हेंबर 2017 ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला होता. काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण बघणाऱ्या केंद्राच्या परिषदेची, परवानगी न घेता डिस्टन्सने चक्क इंजिनिअरिंगच्या डिग्र्या वाटल्या होत्या, त्यावर कोर्टाने कुऱ्हाड चालवली. ते बरोबरच होतं. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, वकिली, आर्किटेक्चर, हॉटेल मॅनेजमेंट असल्या डिग्र्या डिस्टन्सने किंवा ऑनलाइन द्यायला बंदीच आहे, आणि 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या प्रवेशांपासून त्यात मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी वगैरेही गेलेत. तेव्हा कोणी घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग विकत असेल तर खुशाल हाकलून द्या. पण एम.कॉम. त्यात कुठे बसतं? आणि मुंबई विद्यापीठ हे काल-परवा शिकवायला लागलेलं नाही, त्यांचं दूरशिक्षण 1971 पासून आहे, आपण सगळे आयडॉल म्हणायचो, आता सीडीओई नाव झालंय. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 चं.

एक मान्य करते, जिवावर येऊन. काही खासगी कंपन्या अजून जाहिरातीत 'फुल टाइम रेग्युलर' असं घालतात आणि तिथे वाद घालून उपयोग नसतो. पण ती त्या कंपनीची आवड झाली, सरकारने रद्द केलं असं होत नाही.

दुसरा मुद्दा, स्क्रीनवर काम शिकता येत नाही. वेल्डिंग नाही येणार, कबूल. त्याला आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये हात भाजून घ्यावे लागतात. पण 'कुठलंही काम' म्हणजे काय? मी महापेला अकाउंट्समध्येच आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा आमच्या ऑफिसात एकाही माणसाने तो कॉलेजात शिकलेला नव्हता, शिकवणार कोण, कायदाच नवा. आमच्या साहेबांपासून सगळे रात्री घरी जाऊन वेबिनार आणि व्हिडिओ बघायचे, सकाळी येऊन 3बीचं रिटर्न भरायचे, चुकायचे, परत बघायचे. तसंच शिकलो. आणि काका, रागावू नका, पण तुमचा मुलगा सीए आहे ना? सीएचं कॉलेज कुठे असतं हो? इन्स्टिट्यूटची पुस्तकं घरी आली, क्लास लावला तो त्याच्या मर्जीने, एका सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप केली आणि केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. कॉलेजातली हजेरी त्याला कोणी विचारली नाही, परीक्षा आणि हाताखालचं काम बघितलं. जाऊ तेच करणार आहे की, दिवसभर व्हाउचर आणि टीडीएस, रात्री पोरगा झोपल्यावर पुस्तक, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन. त्याला शाबासकी आणि हिला रद्दी?

तिसरा मुद्दा ऐकून हसू येईल, कारण मेसेजवाला इथे जवळपास बरोबर आहे. 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा लेख आला होता, हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसवर, त्यात 2017-18 साली नाव नोंदवलेल्यांपैकी फक्त 3.13 टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला होता. म्हणजे मेसेजवाल्याने पूर्ण करणारे उलट दोन टक्के वाढवूनच दिलेत. पण त्याच लेखात पुढे आहे की ज्यांनी पैसे भरून सर्टिफिकेटसाठी नाव घातलं त्यांच्यातले 46 टक्के पूर्ण करतात. फुकटात नाव घालणं म्हणजे जिमच्या दारातून आत डोकावणं, मीही असल्या चार-पाच कोर्सला नाव घालून ठेवलंय, एक फोटोग्राफीचा आहे, कॅमेरा नाहीये माझ्याकडे. आता 46 म्हणजे निम्म्याहून जास्त लोक पैसे भरूनही सोडतात हेही खरंच, एकट्याने रेटणं अवघड असतं. म्हणूनच घरच्यांनी रात्रीची भांडी घासून द्यायची असतात, फॉरवर्ड पाठवायचे नसतात.

चौथ्यावर फार वेळ घालवत नाही. जीएसटीनंतर आठच दिवसांनी, 9 जुलै 2017 ला केंद्र सरकारचं स्वयम् हे ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल सुरू झालं. शिकायला फुकट, सर्टिफिकेट हवं तर फी भरून परीक्षा द्यायची. त्यातले क्रेडिट, म्हणजे कोर्सचे श्रेयांक, डिग्रीत 40 टक्क्यांपर्यंत धरायची मुभा यूजीसीनेच कॉलेजांना दिलीय. रद्दीवाला इतका भाव देत असेल तर मला त्याचा नंबर पाठवा.

आता पाचवा. मेसेजच्या अगदी तळाला, 'पूर्ण वाचा' दाबल्यावर दिसतं: वर्ष वाया गेलंय? ऑनलाइनच्या नादी लागू नका, 1 वर्षात रेग्युलर ग्रॅज्युएशन, परीक्षेला यायची गरज नाही, मागच्या तारखेचंही मिळेल, ईएमआयची सोय. आणि एक मोबाईल नंबर.

मी जेवणाच्या सुट्टीत लावला तो नंबर. विचारलं, कुठलं विद्यापीठ? तर पलीकडून, "मॅडम, तुमचं बजेट काय?" म्हटलं, बजेटवर विद्यापीठ ठरतं का? "हो ना, तीन रेंज आहेत." मग त्याने मलाच विचारलं, पास कुठल्या साली दाखवायचं. मी म्हटलं त्या साली तर मी नोकरी करत होते, कॉलेजात हजेरी कशी असेल? "ते आमच्यावर सोडा." नाव विचारल्यावर फोन ठेवला.

म्हणजे ज्याने डिस्टन्सला रद्दी म्हटलं तोच रद्दी विकतोय! आणि त्याला डिस्टन्सचा राग का ते उघड आहे, खरी डिग्री कमी फीत आणि घरून मिळते हे लोकांना कळलं तर त्याच्याकडे कोण जाईल. यूजीसीच्या 1956 च्या कायद्याच्या 22 व्या कलमानुसार डिग्री फक्त विद्यापीठ किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते, मोबाईल नंबर नाही. तीन वर्षांची पदवी एका वर्षात, परीक्षेशिवाय, हे कुठल्याच नियमात नाही. आणि पकडलं कोण जातं? आता नोकरी देताना कंपन्या मार्कशीट सरळ विद्यापीठाकडे पडताळायला पाठवतात, तिथे नंबर जुळला नाही की घरी जातो तो पोरगा, आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा वापरणाऱ्याचाही गुन्हा आहे. एजंटचं सिम तोपर्यंत बदललेलं असतं, ईएमआय मात्र चालूच.

सावधानच राहायचं असेल तर यूजीसीच्या डिस्टन्स ब्युरोच्या (डीईबी) साइटवर जाऊन विद्यापीठ, कोर्स आणि त्या सत्राची मान्यता तिन्ही बघा, नुसतं विद्यापीठाचं नाव बघू नका, कारण मान्यता कोर्सला असते. 2024 पासून प्रवेशासाठी तिथे डीईबी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांकही काढावा लागतो, तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा. कोणी 'आम्ही काढून देतो, ओटीपी सांगा' म्हणालं तर समजून घ्या.

जाऊचा अर्ज येत्या रविवारी भरतोय, मी कळव्याला येतेय. तिची बी.कॉम.ची मार्कशीट सासूबाईंच्या कपाटात आहे आणि किल्ली त्यांच्या कमरेला. काका, तेवढा एक फोन तुम्हीच करा त्यांना, मेसेज तुमच्या नावाने आलाय.