तळी सोळा, रील एक

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकला की आपल्या माणसाला निसर्ग आठवतो. अर्थात परदेशातला. पेंचचं जंगल दोन तासांवर आहे, त्यामुळे ते निसर्गात धरायचं नसतं. पाहुणे आले की तिकडे नेऊन आणायचे, झालं. तुम्ही सरळ क्रोएशिया गाठा. १ जानेवारी २०२३ पासून तो देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणजे व्हिसाची सोय झाली. शिवाय तुमच्या कॉलनीतलं तिथे अजून कुणी गेलेलं नाही, हा खरा फायदा.

बॅकपॅकिंग म्हटलं की बॅग आली. बर्डीच्या बाजारातून ७० लिटरची घ्या. कपडे चारच न्यायचे असले तरी चालेल, बाकीची आई भरून देते: चिवडा, तीन पिशव्यांत गुंडाळलेली लोणच्याची बरणी आणि संत्रा बर्फी. बर्फीत खवा असतो आणि युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. पण "बर्फीले कोण विचारते बे?" असं छातीठोक सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. विमानतळावर तो नेमका दुसऱ्या रांगेत उभा असतो.

राजधानी झाग्रेबहून बस दोन-अडीच तासांत प्लिटवित्से राष्ट्रीय उद्यानाला सोडते. हे उद्यान १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एकाखाली एक अशी सोळा तळी. पाण्यात विरघळलेला चुना शेवाळावर बसतो, त्याचा दगड होतो, दगडाचा बांध होतो आणि बांधामागे तळं साचतं. हे काम हजारो वर्षांपासून सुरू आहे, वर्षाला साधारण एखाद्या सेंटिमीटरच्या चालीनं. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून खाली वाकलं तर एकच शेवाळ वरून हिरवं आणि बुडाशी दगड झालेलं दिसतं. तुम्ही वाकू नका. मागे रांग असते, आणि वाकलेल्या माणसाचा फोटो चांगला येत नाही.

पुढे वेलिकी स्लाप, ७८ मीटरचा धबधबा. त्याच्याकडे पाठ करून हात पसरायचे. मित्र ओरडेलच, "सरक ना बे थोडा, धबधब्यामुळे तू दिसूनच नाही राहिला!" सरका.

पोहायला बंदी आहे. पाण्याचा समतोल बिघडला तर बांधांची वाढ बिघडते, म्हणून. फलक ठळक आहे, तरी रखवालदाराला "नुसते पाय बुडवले तर?" हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, विचारायला काय जातं!

कोझ्याक या सगळ्यांत मोठ्या तळ्यावरच्या बोटी विजेवर चालतात. धूर नाही, घरघर नाही. अशी शांतता घरी व्हिडिओ कॉल लावायला फार कामी येते, स्पीकरवर. बाबा डोळे बारीक करून म्हणतील, "हे तं आपल्या फुटाळा तलावासारखंच हाये." मागून काकू विचारतील, "तिकीट केवढ्याचं पडलं रे?" इथे नेटवर्क जाऊ द्या.

एवढ्यात पाय दुखायला लागतात. उद्यानातल्या वाटांना अक्षरांची नावं आहेत. लांबच्या वाटेचं अक्षर छातीवर धरून फोटो काढा आणि आखूड वाटेनं बस थांब्यावर या. राहिलेली तळी परतीच्या बसमध्ये दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओत बघता येतात, त्यात गर्दीही कापलेली असते. रील टाका, खाली "सोळाही तळी पायी" लिहा. आठवड्याभरात कुणीतरी विचारेल, तिथे दोन दिवस ठेवू की एक? आता तुम्ही जाणकार आहात, ठामपणे सांगा: "एक पुष्कळ होते भाऊ, दुपारनंतर तेच ते पाणी हाये."