सज्जन सेनापतीचा दाखला

महाराष्ट्रात एखादे सरकार पडले, आमदारांना परराज्यातल्या हॉटेलांत नेऊन ठेवले गेले किंवा नवा पूल पहिल्याच पावसाळ्यात खचला, की आमच्या नातेवाइकांच्या आणि जुन्या मित्रांच्या चर्चेत एक सूचना हटकून येते: हा देश पाच वर्षे लष्कराच्या ताब्यात द्यायला हवा. ही सूचना करणारी माणसे उथळ नसतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, बँकेत आयुष्य घालवलेले अधिकारी असतात, आणि साताऱ्यात अपशिंग्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ असे अभिमानाने म्हणणाऱ्या मुलखात वाढलेले लोक असतात, ज्यांच्या मनातला फौजेविषयीचा आदर घरातल्या माणसांच्या सेवेतून आलेला आहे. अलीकडे या सूचनेला माझ्या पत्त्याचाही आधार दिला जातो. तू बँकॉकला राहतोस, तिथे इतकी वर्षे लष्कराचे राज्य झाले, तरी तिथले रस्ते बघ, मेट्रो बघ, असे मला सांगितले जाते.

मी ज्या रस्त्यालगत राहतो त्याचे नाव फहोनयोथिन रस्ता आहे. बँकॉकच्या विजयस्मारकापासून निघून तो उत्तरेला म्यानमारच्या सीमेवरच्या माई सायपर्यंत सुमारे हजार किलोमीटर जातो. ज्याचे नाव त्याला दिले आहे तो एक लष्करी अधिकारी आणि सरदार होता, आणि आमच्या मंडळींच्या सूचनेची परीक्षा त्याच्या कारकिर्दीवरच घ्यावी असे मला वाटते, कारण अशा सत्तेसाठी त्याच्याहून लायक सेनापती शोधून मिळणे कठीण आहे.

फोत फहोनयोथिन यांचा जन्म १८८७ मध्ये बँकॉकला झाला. वडील चिनी वंशाचे लष्करी अधिकारी होते, आई मोन वंशाची होती. राजाच्या शिष्यवृत्तीवर ते जर्मनीत लष्करी शिक्षणासाठी गेले, पुढे काही काळ डेन्मार्कमध्ये शिकले आणि परत येऊन तोफखान्यात दाखल झाले. सयाममध्ये, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमध्ये, सरदारकी वंशपरंपरेने मिळत नसे. खुन, लुआंग, फ्रा, फ्राया अशा पायऱ्या अधिकारी आपल्या सेवेनुसार चढत असे आणि प्रत्येक पायरीला राजा नवे नाव देत असे. त्यामुळे हा सरदारवर्ग जहागीरदारांपेक्षा नोकरशहांना अधिक जवळचा होता. फोत यांना १९३१ मध्ये फ्राया ही पदवी आणि ‘फहोनफोनफयुहसेना’ हे नाव मिळाले. लोक त्यांना फ्राया फहोन म्हणतात. कर्नल आणि तोफखान्याचे उपनिरीक्षक या पदांपर्यंत ते पोचले होते. त्याच्या वरच्या बहुतेक जागा राजकुमारांसाठी राखीव असल्यासारख्या होत्या.

२४ जून १९३२ च्या पहाटे ज्या ‘खना रात्सादोन’ म्हणजे जनपक्षाने राजाची अनियंत्रित सत्ता संपवली, त्याचे ते प्रमुख होते. पक्षात प्रीदी फनोमयोंग यांच्यासारखे पॅरिसमध्ये कायदा शिकलेले तरुण होते, पण फौजेच्या वरिष्ठ वर्तुळात वजन असलेली माणसे थोडीच होती. त्या दिवशीची लष्करी योजना फ्राया सोंगसुरादेत यांची होती आणि तिचा सगळा भर बतावणीवर होता. राजा प्रजाधिपोक हुआ हिनच्या राजवाड्यात होते. राजधानीत दंगल उसळल्याचे सांगून घोडदळाच्या पलटणीतून चिलखती गाड्या बाहेर काढल्या गेल्या, तर लष्करी शाळेच्या विद्यार्थ्यांना कवायतीच्या नावाखाली चौकात आणले गेले. शस्त्रागाराचे कुलूप फहोन यांनी तोडले आणि जाहीरनामाही त्यांनीच उभ्याने वाचून दाखवला. आपण कशासाठी उभे आहोत हे समोरच्या बहुतेक सैनिकांना तोवर ठाऊक नव्हते. रक्तपात जवळजवळ झाला नाही आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला देशाला राज्यघटना मिळाली. फळ चांगले होते हे मान्य करूनही या पद्धतीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे, कारण नंतरच्या सगळ्यांनी उचलली ती पद्धत.

पहिले पंतप्रधान फ्राया मानोपकोर्न हे न्यायखात्यातले, मुलकी गृहस्थ होते. प्रीदींच्या आर्थिक योजनेवरून वाद पेटला तेव्हा त्यांनी १९३३ च्या एप्रिलमध्ये संसदच बंद केली. २० जूनला फहोन यांनी लष्कराच्या बळावर त्यांना दूर सारले आणि स्वतः पंतप्रधान झाले. म्हणजे संसद पुन्हा उघडावी यासाठी उठाव झाला. हेतूत खोट काढता येत नाही, तरीही लष्कराला सरकार बदलता येते हे वर्षभरात दुसऱ्यांदा सिद्ध झाले, आणि या वेळी तर पडलेले सरकार राज्यघटनेखालचेच होते.

चार महिन्यांत उलट बाजूने उत्तर आले. माजी संरक्षणमंत्री राजकुमार बोवोरादेत यांनी ईशान्येकडच्या कोरातहून फौज आणली आणि राजधानीच्या उत्तरेला डॉन मुआंग, बांग खेन भागात लढाई झाली. बंडखोरांच्या बाजूने लढणारे फ्राया सी सित्थिसोंगक्राम हे फहोन यांचे जर्मनीतल्या विद्यार्थिदशेपासूनचे मित्र होते. २३ ऑक्टोबरला हिन लाप स्थानकाजवळ ते मारले गेले. बंड मोडण्याचे श्रेय लुआंग फिबूनसोंगक्राम या तरुण अधिकाऱ्याला मिळाले आणि तिथून त्याचा उत्कर्ष सुरू झाला.

फहोन यांची साडेपाच वर्षांची राजवट मला आदरणीय वाटते. त्यांच्या काळात १९३३ च्या नोव्हेंबरमध्ये देशातली पहिली निवडणूक झाली आणि स्त्रियांनाही मताचा अधिकार होता, पुढच्या वर्षी थम्मासात विद्यापीठ निघाले, आणि परकीयांना सयामी न्यायालयांतून सूट देणारे जुने तह बदलून घेतले गेले. याहून महत्त्वाचे म्हणजे हा सेनानी संसदेत हरत असे आणि ती हार मानत असे. १९३४ मध्ये रबराच्या आंतरराष्ट्रीय करारावर मतदान विरुद्ध गेले तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. राजाच्या मालकीच्या जमिनी सरकारातल्या माणसांनी स्वस्तात घेतल्याचे प्रकरण १९३७ मध्ये सभागृहात आले तेव्हाही दिला. दोन्ही वेळा त्यांना परत बोलावण्यात आले. १९३८ मध्ये अंदाजपत्रकाच्या मांडणीवरून पुन्हा हार झाली, तेव्हा त्यांनी निवडणुका घेतल्या आणि त्यानंतर पद स्वीकारायला नकार दिला. १९४७ च्या फेब्रुवारीत ते वारले तेव्हा अंत्यसंस्काराच्या खर्चापुरतेही पैसे घरात नव्हते, असे सांगितले जाते. आमच्या मंडळींना जो निःस्वार्थ, शिस्तीचा, पदाला न चिकटणारा सेनापती हवा आहे, तो हाच.

त्यांच्या जागी आले फिबून. दीड महिन्यात, १९३९ च्या जानेवारीअखेर, कटाच्या आरोपावरून धरपकड झाली आणि त्यातल्या अठरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. २४ जूनची योजना आखणारे सोंगसुरादेत यांना देशाबाहेर घालवण्यात आले, आणि ते कंबोडियात निवर्तले. फहोन यांच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी, ८ नोव्हेंबर १९४७ ला, आणखी एक लष्करी उठाव झाला. नंतर १९५७, १९७६, १९९१, २००६, २०१४. मधली काही साले मी सोडून देतो. सज्जन माणूस स्वतःपुरता दरवाजा लोटून घेऊ शकतो, पण तोडलेले कुलूप त्याच्या सज्जनपणाने जुळत नाही.

खुद्द लष्कराने त्यांची आठवण कशी ठेवली हेही पाहण्यासारखे आहे. लोपबुरीच्या तोफखाना केंद्रातला त्यांचा पुतळा २०२० च्या सुरुवातीला हलवण्यात आला आणि त्यांच्या नावाच्या छावणीचे नाव बदलले. बोवोरादेत बंडाच्या विजयाचे स्मारक २०१८ च्या डिसेंबरमध्ये रातोरात नाहीसे झाले, तर पुढच्या वर्षी लष्कराने आपल्या मुख्यालयातल्या दालनांना बोवोरादेत आणि सी सित्थिसोंगक्राम यांची नावे दिली. सी सित्थिसोंगक्राम यांचे नातू जनरल सुरायुत चुलानोन २००६ च्या उठावानंतर पंतप्रधान झाले होते. यापलीकडचे काही विषय असे आहेत की इथे व्हिसावर राहणाऱ्याने त्यांवर लिहू नये, आणि मी लिहीत नाही. औरंगाबाद किंवा अहमदनगर यांच्या नामांतरावर आपल्याकडे वर्षानुवर्षे भांडणे झाली, मोर्चे निघाले, लोक न्यायालयांत गेले. त्या गोंगाटाला मीही कंटाळलो होतो. आता मात्र तो मला पूर्वीइतका वाईट वाटत नाही.

आपल्याकडे हे का घडले नाही, याचे श्रेय आपण राष्ट्रीय स्वभावाला देतो. मला ते काही साध्या निर्णयांना द्यावेसे वाटते. दिल्लीतला सरसेनापतींचा बंगला पंडित नेहरूंनी पंतप्रधानांचे निवासस्थान केला. तोच पुढे तीन मूर्ती भवन म्हणून ओळखला गेला. बँकॉकमध्ये उलटे घडले. परुसकवान हा राजपुत्राचा प्रासाद फ्राया फहोन यांना राहायला मिळाला. सरसेनापती हे पदच भारतात १९५५ मध्ये रद्द झाले आणि तिन्ही दलांचे प्रमुख वेगवेगळे, समान पातळीवर राहिले. १९६२ च्या पराभवानंतर, लष्कराची मानहानी झालेली असताना, संरक्षणखाते सावरायला गेले ते यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे आपण म्हणतो तेव्हा तो सह्याद्री धोतर नेसणारा, निवडणूक लढवणारा राजकारणी होता हे विसरतो. जनरल वैद्य, जनरल नरवणे, जनरल मनोज पांडे ही आपली माणसे सेनाप्रमुख झाली आणि मुदत संपताच पायउतार झाली. त्यासाठी त्यांना फ्राया फहोन यांच्याइतके विरक्त असावे लागले नाही.

राहता राहिली ती ‘पाच वर्षे’. मुदत घालण्याचा विचार इथेही झाला होता. १९३२ च्या राज्यघटनेत अर्धे सभासद नेमलेले असावेत, आणि निम्म्याहून अधिक लोकांचे प्राथमिक शिक्षण होईपर्यंत, पण दहा वर्षांपेक्षा जास्त काळ नव्हे, ही सोय चालावी असे लिहिले होते. त्यानुसार १९३३ मध्ये ७८ निवडून आलेले आणि ७८ नेमलेले सभासद बसले. १९४० मध्ये फिबून यांच्या काळात त्या दहाची वीस वर्षे झाली. २०१७ च्या राज्यघटनेतली मुदत तर अगदी आपल्या सूचनेतलीच होती: लष्करी राजवटीने निवडलेल्या २५० सिनेटरांना पाच वर्षे पंतप्रधानाच्या निवडीत मत. त्या मतांमुळे २०२३ मध्ये सर्वाधिक जागा जिंकलेल्या पक्षाचा उमेदवार पंतप्रधान होऊ शकला नाही. २०१४ च्या मे महिन्यात सत्ता हाती घेतलेले जनरल प्रयुत २०२३ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, सत्तेवर होते.