ती चार किलोमीटरची शर्यत परत आणा

जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत एके काळी बायकांची जेमतेम चार किलोमीटरची एक वेगळी शर्यत असायची. 1998 साली मराकेशला ती सुरू झाली आणि 2006 साली जपानमधल्या फुकुओकाला शेवटची धावली गेली. पुढच्या वर्षी मोम्बासाला स्पर्धा भरली तेव्हा कार्यक्रमातून ती गायब होती. पुरुषांचीही तशीच शर्यत होती, तीही तेव्हाच गेली. पण पुरुषांच्या शर्यतीबद्दल निदान लोक बोलतात, कारण केनेनिसा बेकेलेने 2002 ते 2006 अशी सलग पाच वर्षं लांब आणि छोटी दोन्ही जिंकली. बायकांच्या शर्यतीचं नाव कुणी काढत नाही. ती बंद केली हे मला आजही पटलेलं नाही, म्हणून हे लिहितेय. पोस्ट लांब होणार आहे.

ज्यांनी क्रॉस कंट्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅक नाही, लेन नाहीत. माळ, गवत, चिखल, चढउतार, मध्येच एखादा ओंडका. शंभरेक जणी एका लांब आडव्या रेषेत उभ्या राहतात आणि बंदूक वाजली की सगळ्या एकाच अरुंद वळणाकडे सुटतात. त्या वळणाच्या आत जी पुढच्या वीसात नाही, तिला नंतर कोपरं मारत वाट काढावी लागते. संघाचे गुण म्हणजे पहिल्या चौघींच्या क्रमांकांची बेरीज, ज्यांची बेरीज सगळ्यात कमी तो संघ जिंकला. त्यामुळे चाळिसाव्या क्रमांकावरची मुलगीही एकेचाळिसावीला पुढे जाऊ देत नाही.

आता हेच सगळं फक्त चार किलोमीटरमध्ये. बारा ते पंधरा मिनिटांत खेळ खलास. लांब शर्यतीत पहिले दोन किलोमीटर जरा अंदाज घेता येतो, इथे अंदाज घेत बसलात तर आघाडी गेलेली असते. म्हणजे 1500 मीटरवालीचा वेग हवा आणि 10,000 मीटरवालीचा दमही हवा. एरवी या दोन प्रकारच्या मुली एकमेकींसमोर येतच नाहीत. एकीची शर्यत चार मिनिटांत संपते, दुसरीची अर्ध्या तासाने.

या शर्यतीच्या विजेत्या कोण होत्या ते नुसतं बघा. 1998 ला आयर्लंडची सोनिया ओ'सलिव्हन, जी 1995 ची 5000 मीटरची जगज्जेती. 1999 ला बेलफास्टला केनियाची जॅकलिन मरांगा, आदल्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत 1500 मीटरचं सुवर्ण जिंकलेली. 2000 ला पोर्तुगालच्या विलामोराला इथिओपियाची कुट्रे डुलेचा, तीही 1500 वाली, पुढे 2004 ची इनडोअर जगज्जेती. 2001 ला इथिओपियाचीच गेटे वामी, 10,000 मीटरची जगज्जेती आणि नंतर बर्लिन मॅरेथॉन दोनदा जिंकलेली. मग तीन वर्षं एडिथ मसाई. 2005 ला तिरुनेश दिबाबा. शेवटची 2006 ला गेलेते बुरका. या बुरकाच्या खात्यात 1500 मीटरचं इनडोअर जागतिक सुवर्ण आहे आणि 2015 च्या बीजिंग जागतिक स्पर्धेतलं 10,000 मीटरचं रौप्यही. चारशे मीटरच्या ट्रॅकवर साडेतीन फेऱ्यांच्या थोड्या पुढे ते पंचवीस फेऱ्या, एवढ्या पल्ल्यातल्या बायका एकाच शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत आहेत. अशी दुसरी शर्यत मला माहीत नाही.

सोनियाचं मराकेश तर विसरण्यासारखं नाहीच. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकला ती सुवर्णाची दावेदार म्हणून गेली आणि आजारपणाने पार कोलमडली. पुढचं वर्षही वाईट गेलं. लोकांनी तिला मोडीत काढलं होतं. 1998 च्या मार्चमध्ये तिने शनिवारी आठ किलोमीटरची लांब शर्यत जिंकली, ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफला मागे टाकून, आणि रविवारी पुन्हा उभी राहून छोटीही जिंकली. दोन वर्षांनी सिडनीला 5000 मीटरचं रौप्य मिळवलं तिने. मराकेश नसतं तर सिडनी असतं का, मला शंका आहे.

आणि 2001. स्पर्धा खरं तर डब्लिनला व्हायची होती, पण त्या वर्षी जनावरांमध्ये लाळ्या-खुरकूताची साथ आली आणि स्पर्धा बेल्जियममधल्या ओस्टेंडला हलवली. घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, आणि त्यावर असा चिखल की बूट आत गेला तर पायाबरोबर बाहेर येईल याची खात्री नाही. मराकेशच्या कोरड्या जमिनीवर जिथे सोनियाला सव्वाबारा मिनिटांच्या आसपास वेळ लागली होती, तिथे जवळपास तेवढ्याच अंतराला ओस्टेंडला विजेतीला साडेचौदा मिनिटांच्या वर लागली. शनिवारी लांब शर्यतीत रॅडक्लिफने वामीला हरवलं. वर्षानुवर्षं दुसरी-तिसरी येणाऱ्या रॅडक्लिफचं या स्पर्धेतल्या मोठ्यांच्या गटातलं ते पहिलं विजेतेपद. चोवीस तासांनी त्याच दोघी त्याच चिखलात छोट्या शर्यतीला उतरल्या आणि या वेळी वामीने तिला अगदी शेवटच्या टप्प्यात, थोडक्यात गाठलं. रॅडक्लिफला मागून पळणारीचा शेवटचा वेग झेपत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. आठ किलोमीटरमध्ये ती समोरचीला आधीच दमवू शकत होती. चारमध्ये तेवढी जागाच नव्हती. दोन दिवसांत, त्याच दोघींमध्ये, नुसतं अंतर बदललं आणि निकाल उलटा. छोटी शर्यत ही लांब शर्यतीची नक्कल होती असं म्हणणाऱ्याला मी एवढंच उदाहरण देते.

पण मला या शर्यतीची खरी राणी विचाराल तर एडिथ मसाई. केनियाच्या तुरुंग खात्यात नोकरी करणारी, मूल झालेली बाई. जन्म 1967 चा. म्हणजे 2002 मध्ये डब्लिनला पहिलं विजेतेपद जिंकलं तेव्हा वय 34. इतर मुली या वयात निवृत्तीचं बोलतात. ही पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला पुन्हा जिंकली, 2004 ला ब्रसेल्सला पुन्हा. सलग तीन. ही शर्यत नऊ वेळा झाली, त्यातल्या तीन हिच्या. दुसऱ्या कुठल्याही बाईला ती दोनदासुद्धा जिंकता आली नाही.

तिचं वय लक्षात ठेवून आता 2003 च्या ऑगस्टमधली पॅरिसची जागतिक स्पर्धा आठवा, 5000 मीटरची अंतिम फेरी. सुवर्ण मिळालं तिरुनेश दिबाबाला, जी त्याच वर्षी मार्चमध्ये लोझानला कुमारी गटाची शर्यत जिंकून आली होती. कांस्य 36 वर्षांच्या मसाईला. एक शाळकरी वयाची पोर आणि तिच्या आईच्या वयाची म्हणता येईल अशी बाई एकाच पोडियमवर. मसाईला छोट्या क्रॉस कंट्रीने नाव मिळवून दिलं तेव्हा तिच्यासारखीला मोठ्या ट्रॅक शर्यतींची दारं उघडली, असं मी मानते. उशिरा सुरुवात केलेल्या बाईला आठ किलोमीटरमध्ये रॅडक्लिफशी झुंजायला लावलं असतं तर ती आपल्याला दिसली असती का?

आता या शर्यतीची सर्वात महत्त्वाची गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. 1973 मध्ये बेल्जियमच्या वारेगेमला ही जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा बायकांचं अंतर साधारण चार किलोमीटर होतं आणि पुरुषांचं बारा. बायकांना यापेक्षा जास्त झेपत नाही हे तेव्हा गृहीतच धरलेलं असायचं. ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरसुद्धा बायकांना 1972 ला मिळालं, 10,000 मीटर 1988 ला, 5000 मीटर 1996 ला. क्रॉस कंट्रीतही लांब शर्यतीत बायका आठ आणि पुरुष बारा, असंच 2015 पर्यंत चाललं. 2017 ला कंपालामध्ये दोघांनाही दहा किलोमीटर दिले. त्याचं खूप कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण मोठ्यांच्या गटात बायका आणि पुरुष एकाच अंतराला धावले ते त्याआधी एकोणीस वर्षं, मराकेशला, याच छोट्या शर्यतीत. जे चार किलोमीटर एके काळी कमीपणा म्हणून बायकांच्या वाट्याला आले होते, त्याच चार किलोमीटरवर पहिल्यांदा बरोबरी झाली. आणि ती शर्यत आपण बंद केली.

बंद का केली याची कारणं मला कळतात. दोन दिवसांची स्पर्धा म्हणजे खर्च जास्त. चांगल्या खेळाडू दोन शर्यतींत वाटल्या जायच्या, त्यामुळे लांब शर्यतीचं महत्त्व कमी होतं अशी तक्रार होती. शिवाय केनिया आणि इथिओपिया दोन्हीकडे पुढे, मग दोन शर्यती कशाला, असंही म्हटलं जायचं. हे शेवटचं कारण मला मुळीच मान्य नाही. सात विजेत्यांमध्ये एक आयरिश होती, आणि रॅडक्लिफ, मोरोक्कोची झाहरा वाझिझ अशा बायका इथे पदकं घेऊन गेल्या. छोट्या अंतरातच बाहेरच्या मुलींना थोडी तरी फट होती. लांब शर्यतीचं म्हणाल तर 2017 ला कंपालात पहिल्या सहाच्या सहा केनियाच्या आल्या. संघाचे गुण दहा, याहून कमी होऊच शकत नाहीत.

त्याच निकालाकडे बोट दाखवून कुणी म्हणेल, त्या सहांमध्ये स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची ट्रॅकवरची शर्यत) जगज्जेती हायविन कियेंग होती, 1500 ची ऑलिंपिक विजेती फेथ किप्येगोनही होती, मग मध्यम पल्ल्यावाल्यांना वेगळी शर्यत कशाला हवी? बरोबर आहे, होत्या. पण फेथ किप्येगोन शतकात एखादी होते. तिला डोळ्यांसमोर ठेवून सगळ्यांचा कार्यक्रम ठरवता येत नाही. 1500 मीटर धावणारी बाकीची मुलगी मार्चमध्ये दहा किलोमीटर चिखलात धावायला येत नाही. तिचा प्रशिक्षकच तिला सोडत नाही.

2017 पासून दोन पुरुष आणि दोन बायकांची मिश्र रिले आली, प्रत्येकाला दोन किलोमीटर. ती मला आवडते. पहिल्याच रिलेत केनियाकडून बीट्रिस चेपकोएच धावली आणि पुढच्याच वर्षी तिने स्टीपलचेसचा विश्वविक्रम 8:44.32 वर नेला. पण रिलेत एका देशाच्या दोनच मुली. बाकीच्यांनी काय करायचं?

आपल्याकडचं सांगते. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉन आणि लांब पल्ला धावत होती. स्टीपलचेसकडे ती उशिरा वळली आणि 2016 ला रिओत थेट अंतिम फेरीत जाऊन दहावी आली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात आधी क्रॉस कंट्री धावला, मग स्टीपलचेसला लागला. म्हणजे आपल्या माळरानावरची पोरं या मधल्या पल्ल्यात चमकतात हे दिसतंच आहे. तरी इथे क्रॉस कंट्री म्हणून मुलींना डांबरी रस्त्यावर पळवणारे आयोजक मी डोळ्यांनी पाहिलेत. उजव्या बाजूने एस.टी. जातेय, डावीकडे गटार, आणि अंतिम रेषेला चुन्याची फक्की. वर अंतर असं की 800 आणि 1500 धावणाऱ्या पोरी नावच देत नाहीत. शेजारी ढेकळांचं रान मोकळं पडलेलं असतं. तिथे चार किलोमीटरची शर्यत लावा, त्या सगळ्या येतील. पण वरच्या स्पर्धांमध्ये ते अंतरच नसेल तर खाली कोण कशाला घेईल?

माझी मागणी साधी आहे. दोन दिवसांची स्पर्धा नको, जुनं सगळं परत नको. एकाच दिवसात, रिलेच्या आधी, बायकांची एक आणि पुरुषांची एक चार किलोमीटरची शर्यत बसवा. मधला वेळ धरूनसुद्धा दोन्ही मिळून तास लागणार नाही. आणि एकच नियम ठेवा, की दहा किलोमीटर धावणारीने त्याच दिवशी हिच्यात उतरायचं नाही, म्हणजे चांगल्या खेळाडू वाटल्या जातात ही तक्रार राहिली तरी लांब शर्यतीचा मान तसाच राहील आणि नव्या मुलींना जागा होईल. या नियमाने सोनियासारखी किंवा दिबाबासारखी दुहेरी कामगिरी पुन्हा बघायला मिळणार नाही. त्याचं मला वाईट वाटेल, पण ते मी सोसेन.