दोन केबल, तरी वेग एकाच केबलचा? निपाणीच्या वाचकांना उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया वाचली आणि आधी बाँडिंगवरचा, म्हणजे सर्व्हरच्या दोन नेटवर्क केबल बांधून एकीसारख्या वापरण्यावरचा, माझाच लेख उघडून बघितला. तुमचं म्हणणं असं: "दोन केबल बांधल्या की स्पीड दुप्पट, असं लिहून दिशाभूल करता. आम्ही दोन सर्व्हरमध्ये मोड फोर लावला, कॉपी सेकंदाला ११२ एमबीच्या वर जाईना. एकदम पाच कॉपी लावल्या तरी बेरीज तेवढीच. मोड झिरो लावा म्हणून सांगायचं होतं." पहिला मुद्दा मान्य. ते वाक्य आज काढून टाकलं. मोड झिरोचं मात्र पटत नाही. (मोड फोर आणि मोड झिरो या लिनक्समध्ये केबल बांधायच्या दोन पद्धती.)

११२ एमबी म्हणजे १ गिगाबिटची एक केबल जवळजवळ काठोकाठ भरली. मोड फोरमध्ये एक टीसीपी कनेक्शन, म्हणजे दोन मशिनींमधली एक जोडणी, एकाच केबलवरून जातं, पॅकेटांचा (डेटाच्या तुकड्यांचा) क्रम मोडू नये म्हणून. बेळगावच्या टिळकवाडीत पहिलं आणि दुसरं रेल्वे गेट दोन्ही उघडी असली तरी वरात एकाच गेटातून नेतात; अर्धी इकडून, अर्धी तिकडून नेली तर नवरदेव आधी पोचायचा आणि बँड मागाहून!

खरी गोम तुमच्या पाच कॉपींत आहे, आणि ती लेखात यायला हवी होती. कुठलं कनेक्शन कुठल्या केबलवर, हे हॅश, म्हणजे पत्त्यांवरून काढलेला एक आकडा, ठरवतो. लिनक्समध्ये हा हॅश मुळात लेयर टूचा असतो, म्हणजे दोन्हीकडच्या मॅक अॅड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर) चालणारा. केबल दोनच, त्यामुळे शेवटच्या बिटांवर निकाल लागतो. तुमचे सर्व्हर तेच, मॅक तेच; मग पाच काय, पन्नास कॉपी लावा, सगळ्या एकाच केबलवर बसणार. हॅश पॉलिसी लेयर थ्री प्लस फोर करा, मग आयपी पत्त्यासोबत पोर्ट नंबरही हिशेबात येतो, आणि तो दर कॉपीच्या कनेक्शनला वेगळा असतो.

एवढ्यानंही भागत नाही. सर्व्हरचा हॅश फक्त स्विचपर्यंतची, म्हणजे सगळ्या केबली जिथं जोडतात त्या मधल्या पेटीपर्यंतची, केबल निवडतो; स्विचपासून दुसऱ्या सर्व्हरपर्यंतची केबल स्विच स्वतःच्या हॅशने निवडतो. तिथं मॅकवरच राहिलं तर पहिल्या टप्प्यात दोन केबल आणि दुसऱ्यात पुन्हा एकच. दोन्हीकडे बदल करून चार आरसिंक (कॉपी करणारा प्रोग्राम) वेगवेगळ्या फोल्डरवर लावा. नशिबाचा भाग उरतोच: ढोबळ हिशेबाने प्रत्येक टप्प्यात आठात एकदा चारही एकाच केबलवर येतील.

आता मोड झिरो. तो पॅकेटं आळीपाळीने दोन्ही केबलवर टाकतो, हे खरं. पण स्विचच्या पुढचा टप्पा हॅशवरच चालतो, तिथं गाडी परत एका केबलवर. शिवाय क्रम उलटसुलट झाला की टीसीपीला वाटतं पॅकेट हरवलं, आणि ते पुन्हा पाठवत बसतं. मध्ये स्विच नसेल, सर्व्हरला सर्व्हर थेट जोडलेला असेल, तर मोड झिरो जरूर करून बघा. एकाच मोठ्या फाइलसाठी वेग हवा असेल तर मी सरळ १० गिगाबिटची दोन कार्डं टाकीन.

स्विचवर एक गोष्ट तपासा: एलएसीपी, म्हणजे केबली एकत्र बांधण्यासाठी सर्व्हर आणि स्विच एकमेकांशी जे बोलतात ते, चालू आहे का. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी हेच बसवलं होतं. काही पीसींना सर्व्हर दिसायचा, काहींना नाही. अर्धा दिवस केबली बदलण्यात गेला. चहावाला दोनदा येऊन गेला. शेवटी सर्व्हरवर बाँडिंगची स्थिती दाखवणारी प्रॉक-नेट-बाँडिंगमधली बाँड-झिरो फाइल (/proc/net/bonding/bond0) उघडली, तर पार्टनर, म्हणजे स्विचचा, मॅक अॅड्रेस सगळा शून्य! स्विचवर केबलींचा ग्रुप स्टॅटिक (हाताने ठरवलेला) होता, एलएसीपी चालूच नव्हता. लिनक्सने एकच केबल कामाला घेतलेली, आणि स्विच मात्र दोन्हीवर पॅकेटं ढकलतोय, दुसरीवरची वाया. ग्रुप एलएसीपी अॅक्टिव्ह केला आणि दोन्ही केबलींचा अॅग्रिगेटर आयडी (गटाचा क्रमांक) सारखा झाला.

"मग दोन केबली कशाला?" असंही तुम्ही विचारलंय. त्याच कारखान्यात कॉपी चालू असताना एक केबल मी मुद्दाम उपटली. एमआयआयमॉन (miimon), म्हणजे केबलचा दुवा दर किती वेळाने तपासायचा ते, १०० मिलिसेकंद ठेवलं होतं. कॉपी थांबली नाही. तिथल्या मालकांनी एवढंच बघितलं आणि बिल दिलं.

तुमच्या स्विचचं मॉडेल तेवढं कळवा. स्वस्तातल्या काही स्विचांत हॅश बदलायची सोयच नसते. तसं निघालं तर वरची अर्धी खटपट तुमच्या उपयोगाची नाही.